वाचकांचे प्रश्न : कानात विलंबित, समोर मूर्ती

संग्रहालयात बसून प्राचीन मूर्तींची रेखाटनं करणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. त्यातल्या अनेकांना एकच गोष्ट विचारायची आहे : रेखाटताना गाणं ऐकावं का, आणि ऐकायचं तर कोणतं. बाकीचे प्रश्न प्रमाणाचे, प्रकाशाचे आणि साहित्याचे आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पहिल्यांदाच रेखाटनासाठी जाणार आहे. सोबत काय न्यावं? सुरुवात कोणत्या मूर्तीपासून करावी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पेन्सिल आणि कागद, याच्या पलीकडे काही नको. चारकोल, पेस्टल, शाई, जलरंग, फिक्सेटिव्ह हे सगळं घरी ठेवा. चारकोलची पूड हवेत उडते आणि दगडाच्या खरबरीत अंगात जाऊन बसते. भाजक्या मातीच्या मूर्तीवर शाईचा थेंब उडाला तर माती तो पिऊन टाकते, मग तो डाग निघत नाही.

एचबी, २बी आणि ४बी या तीन पेन्सिली पुरतात. प्रत्येकीच्या दोन घ्या आणि टोकं घरूनच करून न्या. शार्पनर न्यायचाच तर डबीचा न्या, म्हणजे साल खाली पडत नाही. खोडरबर पुटी रबरच हवा. तो मळून हवा तसा टोकदार करता येतो आणि त्याचा भुगा पडत नाही. कागद १३० ते १५० जीएसएमचा कार्ट्रिज, आकार ए४ किंवा त्याहून लहान. मोठा पॅड मांडीवर डगमगतो, आणि त्याचा कोपरा शेजारून जाणाऱ्याला लागतो. क्लिपबोर्डला वर एक क्लिप असतेच, खाली आणखी एक लावा. पंख्याच्या वाऱ्यानं कागदाचं खालचं टोक उचललं जातं आणि रेघ सरकते. पाठीवरची सॅक जमा करा. ती पाठीवर असली की वळताना आपली रुंदी आपल्याला कळत नाही, आणि मूर्तींना धक्के लागतात ते असेच. घडीचं स्टूल न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा. बाहेरून उसन्या आणलेल्या वस्तूंचं तात्पुरतं प्रदर्शन असेल तर तिथले नियम आणखी कडक असू शकतात.

सुरुवात मीरपूर खासच्या बुद्धांपासून करा. सिंधमधल्या स्तूपावरून आलेल्या या भाजक्या मातीच्या मूर्तींतले ध्यानमुद्रेतले बुद्ध पहिल्या दिवसासाठी फार चांगले. आकृती दोन्ही बाजूंना जवळपास सारखी आहे, दोन्ही गुडघे आणि मस्तक मिळून सरळ त्रिकोण होतो, आणि मातीवर प्रकाश मऊ पडतो. पहिल्याच दिवशी आठ हातांची देवी घेतली तर तासभर नुसते हात मोजण्यात जाईल.

प्रश्न : मी विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल लावून रेखाटायला बसतो. छान वाटतं, पण अर्ध्या तासानं लक्षात येतं की हात चालू होता आणि बघणं थांबलं होतं. चित्रातला चेहरा समोरच्या मूर्तीचा नसतोच. गाणं बंद करावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बंद करू नका, कामाला लावा. मूर्तीमागे संगीत असणं ही आजची हौस नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडवण्याची विद्या मागतो. ऋषी त्याला एकेक पायरी मागे नेतात : चित्रसूत्र, म्हणजे चित्रकलेचे नियम, जाणल्याशिवाय मूर्तीचं लक्षण कळत नाही, नृत्य जाणल्याशिवाय चित्र कळत नाही, वाद्याशिवाय नृत्य नाही आणि गीताशिवाय वाद्य नाही. मूर्ती मोजायच्या मापाला आणि गाण्यातल्या मात्रांच्या बांधणीला आपल्याकडे ‘ताल’ हा एकच शब्द आहे. गाण्याची जागा मूर्तिकलेच्या इतकी मुळाशी आहे.

तुमची अडचण अशी की लय हाताला मिळाली आणि डोळ्याला मिळाली नाही. ओळखीची रेघ हात आपोआप ओढतो. डोळा, नाक, ओठ लहानपणापासून घोटलेले असतात, तेच कागदावर येतात. यावर उपाय म्हणजे आवर्तनाची, तालाच्या एका पूर्ण फेरीची, वाटणी करणं. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा, म्हणजे बारा ठोके, घ्या. ‘धिं धिं धागे तिरकिट तू ना’ या पहिल्या सहा मात्रांत पेन्सिल वर, नजर मूर्तीवर. सातव्या मात्रेला ‘कत्’ आला की पेन्सिल टेकवायची, ‘कत् ता धागे तिरकिट धी ना’ या सहा मात्रांत पाहिलेलं तेवढंच काढायचं, आणि समेला, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, हात उचलायचा. एक मात्रा साधारण चार सेकंदांची असेल तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं : २४ सेकंद बघणं, २४ सेकंद काढणं. तुमच्या ध्वनिमुद्रणातली लय घरी एकदा घड्याळ लावून मोजून ठेवा. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. तिसऱ्या-चौथ्या बैठकीत ठेक्याकडे वेगळं लक्ष द्यावं लागत नाही.

तासाभराच्या बैठकीत गाण्याचा क्रम कामाच्या क्रमाशी जुळवा. पहिली पाच मिनिटं कानात काहीच नको. मूर्तीभोवती जिथपर्यंत फिरता येतं तिथपर्यंत फिरा, पाटी वाचा, भार कोणत्या पायावर आहे आणि प्रकाश कुठून येतो ते ठरवा. मग वर सांगितलेला विलंबित ठेका लावा, पण इथे एक आवर्तन म्हणजे एक पूर्ण रेखाटन : कणा, खांद्यांची रेघ, कमरेची रेघ, बस्स. सम आली की नवं पान. दहा आवर्तनांची दहा पानं आठ मिनिटांत होतात. त्यातली सात-आठ वाईट असतात, ती असू द्या. उरलेल्या दोन-तीनमुळे कोणत्या कोनातून बसायचं ते कळतं.

त्यानंतर मुख्य रेखाटनाची तीस-पस्तीस मिनिटं. आकार पक्के होईपर्यंत बघणं आणि काढणं यांची वाटणी चालू ठेवा. बारकाव्यांवर आलात की तबला नसलेला आलाप लावा, ध्रुपदाचा किंवा सरोद-सतारीचा. इथे हाताला ठोका नको असतो, कारण भुवईची कड आणि ओठांचा कोपरा यांना लागणारा वेळ सारखा नसतो. ठोका असला की अवघड जागाही सोप्या जागेच्याच वेगानं उरकली जाते.

छायांकनाला मध्यलय चांगली. मिनिटाला ८० मात्रा असतील तर सोळा मात्रांच्या त्रितालाचं आवर्तन १२ सेकंदांत होतं. एका मात्रेला एक तिरपी रेघ ओढली तर सोळा रेघा होतात; तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात त्या बसवल्या तर दोन रेघांत दोन मिलिमीटर अंतर राहतं, आणि छटा एकसारखी उतरते. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झालं की थांबा किंवा पुढची फीत लावा. द्रुतात रेघा जवळ येतात, पेन्सिलीवरचा दाब वाढतो आणि सावली हवी त्याहून दोन पायऱ्या काळी होते. ती पुटी रबरानं उचलताना कागदाचं अंग सुटतं.

शब्द असलेलं गाणं रेखाटताना टाळा. अभंग, नाट्यपद, भावगीत लागलं की मन शब्दांमागे जातं आणि मूर्तीची अंगुलं (मापाचा एकक, पुढे सांगितला आहे) मोजताना आकडा चुकतो. तराणा चालतो, तिथल्या बोलांना अर्थाचं ओझं नाही. आणि ध्वनिमुद्रण ओळखीचंच घ्या. नवी चीज ऐकायची उत्सुकता असेल तर ती घरी पुरी करा. जाड दगडी भिंतींत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून सगळं आदल्या रात्री उतरवून घेतलेलं बरं.

प्रश्न : माझ्या रेखाटनात डोकं नेहमी मोठं होतं आणि पाय कागदाखाली जातात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कारण तुम्ही डोक्यापासून, आणि तेही चेहऱ्यापासून सुरुवात करता. चेहऱ्यात बघण्यासारखं जास्त असतं, म्हणून त्याला जागाही जास्त दिली जाते. आधी कागदावर मूर्तीच्या वरच्या टोकाची आणि तळपायाची अशा दोन आडव्या खुणा करा. मूर्ती या दोन खुणांच्या आतच बसवायची, त्या नंतर हलवायच्या नाहीत.

मग तालमान वापरा. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा म्हणजे एक ताल, आणि एक ताल म्हणजे बारा अंगुलं. नवताल, म्हणजे नऊ तालांच्या, मूर्तीची उंची १०८ अंगुलं. तिची वाटणी लक्षात ठेवायला सोपी आहे : चेहरा १२, मान ४, मानेच्या तळापासून छातीपर्यंत १२, छातीपासून नाभी १२, नाभीपासून मांड्यांच्या सांध्यापर्यंत १२, मांडी २४, गुडघा ४, पोटरी २४, घोट्याखालचं पाऊल ४. बेरीज करून बघा. मुकुट किंवा जटाभार यात धरलेला नाही, तो वरून वेगळा मोजायचा. नवशिक्यांची निम्मी चूक इथेच होते : मुकुटासकट डोकं एक ताल धरतात आणि सगळ्या मूर्तीचं प्रमाण बिघडतं.

या वाटणीतून एक झटपट तपासणी मिळते. वरून ५२ अंगुलांवर मांड्यांचा सांधा येतो, म्हणजे मूर्तीचा मध्य, ५४ अंगुलं, त्याच्या किंचित खाली. तुमच्या रेखाटनात कागदावरचा मध्य नाभीपाशी येत असेल तर वरचं अंग मोठं झालं आहे. चेहऱ्यावर एकही बारकावा काढण्याआधी हे तपासा, म्हणजे खोडायला फारसं काही नसतं.

सूत्र हा अंदाज आहे, निकाल नाही. प्रत्येक मूर्ती त्याबरहुकूम नसते; गणेश पाच तालांचा आणि बुटके गण त्याहूनही कमी तालांचे असतात. म्हणून प्रत्यक्ष मोजा. हात कोपरात न वाकवता सरळ धरा, एक डोळा मिटा, पेन्सिलीवर अंगठ्यानं चेहऱ्याची उंची पकडा आणि ती खाली किती वेळा जाते ते मोजा. कोपर वाकलं की माप बदलतं. बसून घेतलेलं माप उभं राहून तपासू नका.

अंतरही बघा. मूर्तीच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट अंतरावर बसावं. दीड मीटरच्या मूर्तीसाठी ते तीन ते साडेचार मीटर होतं. त्याहून जवळ बसलं की वर बघताना डोकं लहान आणि गुडघे रुंद दिसतात. दालन अरुंद असेल तर कमरेपर्यंतच काढा.

प्रश्न : त्रिभंगातली, म्हणजे मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेली, मूर्ती काढली की ती पडतेय असं वाटतं. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ओळंबा वापरा. दोऱ्याला खोडरबराचा लहान तुकडा बांधून तो डोळ्यासमोर धरा. त्रिभंगात उभ्या मूर्तीच्या गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा बहुधा भार असलेल्या पायाच्या टाचेजवळ येतो. कागदावर आधी ही उभी रेघ कागदाच्या कडेला समांतर ओढा, मग शरीराची वळणं तिच्याभोवती बसवा. खांद्यांची रेघ एका बाजूला उतरते तेव्हा कमरेची दुसऱ्या बाजूला उतरते. दोन्ही रेघा एकाच बाजूला कलल्या की मूर्ती पडते. मांडीवर पॅड तिरका धरल्यानंही उभ्या रेघा सरकतात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी पॅड हातभर लांब धरून बघा.

हा सराव एका शिळेवर छान होतो. परळच्या शिवाची भव्य शिळा १९३१ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना सापडली. मूळ शिळा परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि तिची प्लास्टरमधली प्रतिकृती मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. मध्ये एकातून एक उगवणाऱ्या तीन आकृती, दोन्ही बाजूंना दोन-दोन. मधल्या तिघांमधून एकच ओळंबा जातो, त्यामुळे आधी तो ओढला की सातही आकृती आपापल्या जागी बसतात. शिळा साडेतीन मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून शक्य तितकं मागे बसा. खालच्या बाजूला वाद्यं घेतलेले गण आहेत. संगीत ऐकत रेखाटणाऱ्यानं एक आख्खी बैठक त्यांना द्यावी : वाद्य धरलेल्या हाताचा कोपर शरीरापासून किती दूर आहे एवढंच काढावं, त्यातून वाजवण्याचा जोर कळतो.

कर्नाटकातल्या ऐहोळेच्या हुच्चप्पय्या गुडी या देवळातल्या ब्रह्मा-विष्णू-शिवाच्या शिळांना मात्र ओळंबा लावू नका. त्या मूळच्या देवळाच्या छतातल्या आहेत, मान वर करून बघण्यासाठी कोरलेल्या. तिथे आकृती जमिनीवर उभ्या नाहीत, त्यामुळे भार कुठल्या पायावर हा प्रश्नच उद्भवत नाही. त्या शिळेच्या चौकटीपासून मोजाव्यात.

प्रश्न : काळ्या बेसाल्टची मूर्ती कागदावर सपाट दिसते. – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दगड काळा म्हणून तुम्ही सगळीकडे काळं करता, आणि सावलीला जागाच उरत नाही. दगडाचा रंग विसरा, फक्त उजेड काढा. डोळे अर्धवट मिटून तीनच छटा ठरवा : उजेड, मधली, सावली. सर्वांत गडद ४बी फक्त खोल खाचांना ठेवा : काखेत, मुकुटाच्या खाली, मांडी आणि पोटाच्या घडीत. करडा किंवा तपकिरी कागद आणि पांढरी पेन्सिल मिळाली तर काम अर्धं होतं, कारण मधली छटा कागदच देतो.

दालनात अनेक दिवे असतात आणि नाकाच्या दोन-दोन सावल्या पडतात. सर्वांत जोरकस दिवा निवडा, त्याचीच सावली काढा, दुसरी सोडून द्या. घारापुरीची भग्न महिषासुरमर्दिनी हा याचा उत्तम सराव आहे, कारण तिथे गुळगुळीत अंग आणि तुटलेला भाग शेजारी आहेत. गुळगुळीत अंगावर छटा हळूहळू बदलते, तुटलेल्या कडेवर एकदम. काचेच्या पेटीतल्या मूर्तीसाठी गडद रंगाचा सदरा घालून जा. पांढऱ्या सदऱ्याचं प्रतिबिंब काचेत नेमकं चेहऱ्यावर येतं.

प्रश्न : हेडफोन लावून बसलो की सुरक्षारक्षकाचं बोलणं ऐकू येत नाही आणि ते नाराज होतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : त्यांचं बरोबर आहे. एका कानातच हेडफोनचं बोंडूक ठेवा, दुसरा कान मोकळा. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारी सोय चालू ठेवू नका. वायरचे असतील तर वायर सदऱ्याच्या आतून घ्या. लोंबती वायर दोरीच्या खांबाला अडकते आणि खांब मूर्तीच्या दिशेनं पडतो. आवाज बाहेर जातो का हे घरी शांत खोलीत बघा : बोंडकं हातभर लांब धरून गाणं ओळखू येत असेल तर आवाज जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित आहे; ९० डेसिबलला तीच मर्यादा ४ तासांवर येते. ठेका धरायचा तर बोटानं स्वतःच्या मांडीवर. पेन्सिल क्लिपबोर्डवर आपटल्याचा आवाज दगडी दालनात घुमतो.

प्रश्न : एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसणारी तीस मुलं न्यायची आहेत. त्यांना गाणं ऐकू द्यावं का? – एक कलाशिक्षिका, सोलापूर

उत्तर : संग्रहालयात नको, शाळेत द्या. आदल्या दिवशी वर्गात एकतालाचा ठेका लावून टाळी-खाली धरत खडूनं फळ्यावर उभी-आडवी रेघ काढून घ्या, लय अंगात बसते. प्रत्यक्ष भेटीत सहा-सात जणांचे गट करा आणि गटाला एकच मूर्ती द्या. ए५ कागद, एचबी पेन्सिल, वीस मिनिटं. मूर्तीला हात लावायचा नाही हे सांगताना कारणही सांगा : बोटांचा घाम आणि तेल दगडात मुरतं, हजार हात लागले की ती जागा काळी-तुळतुळीत होते. कारण कळलं की मुलं एकमेकांनाही सांभाळतात. परत आल्यावर तीच मूर्ती न बघता काढायला लावा. स्मरणचित्राची तयारी आपसूक होते.

प्रश्न : लंडनला असते. ब्रिटिश म्युझियममधली आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं काढते, पण फिकट दगडात काहीच दिसत नाही. – एक वाचक

उत्तर : तो फिकट चुनखडक आहे आणि कोरीवकाम बऱ्याच ठिकाणी उथळ. ४बी बाजूला ठेवा, एच आणि एचबी घ्या. आकृतीची बाह्यरेषा काढू नका, तिच्या कडेची बारीक सावलीच काढा. एका बैठकीत गर्दीतली एक-दोनच माणसं घ्या. काचेला टेकू नका, थोडं तिरकं बसा.

प्रश्न : मूर्तीचे हात तुटलेले असतील तर रेखाटनात ते पूर्ण करावेत का? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : नाही. तुटलेली जागा जशी आहे तशीच काढा, तिची कड जास्त काळजीपूर्वक काढा. खांद्यापाशी उरलेला दोन बोटांचा भाग वर वळला आहे की खाली यावरून हात उचललेला होता की खाली सोडलेला, ते कळतं. तुम्ही मनानं हात जोडला की तो पुरावा तुमच्याच डोळ्यासमोरून जातो. पूर्ण करून बघायचंच असेल तर घरी, वेगळ्या कागदावर, तुटक रेघेनं. मूळ कागदाच्या मागे पाटीवरचं नाव, ठिकाण, शतक आणि दगड, तुम्ही कोणत्या बाजूला किती अंतरावर बसला होता, दिवा कुठून होता आणि तारीख एवढं लिहून ठेवा. कानात कोणता राग होता तेही लिहा. पुढच्या वेळी तोच लावून त्याच जागी बसलात तर काम मागच्या रेघेपासून पुढे सुरू करता येतं.